घटक ४ : आफ्रिकी धर्मपरंपरांतील दुरित, चेटूक आणि जादू – आझांदे समाजाच्या विशेष संदर्भात

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• आफ्रिकी धर्मपरंपरांतील दुरिताच्या कल्पनेचे स्वरूप सांगता येईल.
• चेटूक, करणी आणि जादू यांतील भेद आझांदे समाजाच्या आधारे स्पष्ट करता येईल.
• कौल घेण्याच्या पद्धती आणि त्यांचे सामाजिक कार्य विशद करता येईल.
• श्रद्धा समजून घेणे आणि तिच्या दुष्परिणामांचे मूल्यमापन करणे या दोन कृतींतील फरक जाणता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण पूर्वजपूजा आणि सर्वोच्च देवतेची कल्पना यांचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात आपण एका अवघड प्रश्नाकडे वळणार आहोत. माणसाच्या वाट्याला दुःख का येते? शेतात पीक उभे असताना एकाच्याच घरी आजार का शिरतो? प्रत्येक धर्मपरंपरेने या प्रश्नाचे आपल्या परीने उत्तर शोधले आहे.

आरंभीच एक सावधगिरी बाळगावयास हवी. आफ्रिका हे एक विशाल खंड आहे. तेथे शेकडो भाषा बोलणारे समाज राहतात आणि त्यांच्या श्रद्धा एकसारख्या नाहीत. म्हणून ‘आफ्रिकी माणूस असे मानतो’ अशी सरसकट विधाने अभ्यासकाने टाळावीत. याच कारणाने येथे आपण एका समाजाचा सविस्तर विचार करणार असून इतर समाजांचे उल्लेख तुलनेपुरतेच येतील.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ दुरिताचा उगम कोठे?

अनेक आफ्रिकी परंपरांत ईश्वराच्या विरोधात उभा ठाकलेला, सर्व पापांचे मूळ असलेला सैतान आढळत नाही. दुरित येते ते माणसामाणसांतील नात्यांतून : मत्सरातून, द्वेषातून आणि मोडलेल्या मर्यादांतून. घात करणारा बहुधा दूरचा शत्रू नसतो. तो शेजारी असतो, सवत असते, किंवा भाऊबंदांपैकी कोणी असतो.

हा भेद लक्षात न घेतल्यास कसा घोटाळा होतो, हे नायजेरियातील योरुबा समाजाच्या उदाहरणावरून दिसते. योरुबा परंपरेतील एशू हा देव आणि माणूस यांच्यातील दूत आहे. तो चौरस्त्यांचा स्वामी आहे, खोडकर आहे आणि माणसांनी दिलेला बळी देवतांपर्यंत पोहोचवतो. १९व्या शतकात बायबलचे योरुबा भाषांतर झाले. त्या कामात सॅम्युअल अजाई क्राउदर यांचा प्रमुख वाटा होता. या भाषांतरात सैतानासाठी ‘एशू’ हाच शब्द योजला गेला. परिणामी एका गुंतागुंतीच्या देवतेवर सर्वस्वी दुष्टत्वाचा शिक्का बसला. भाषेच्या अभ्यासकाने हे उदाहरण अवश्य ध्यानात ठेवावे. शब्दाची निवड चुकली की श्रद्धेचा अर्थच पालटतो.

४.२.२ आझांदे समाज आणि इव्हान्स-प्रिचर्ड यांचे संशोधन

आझांदे लोकांची वस्ती आजच्या दक्षिण सुदान, काँगो लोकशाही प्रजासत्ताक आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक या देशांत पसरलेली आहे. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ ई. ई. इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९२६ ते १९३० या काळात तत्कालीन सुदानात त्यांच्यामध्ये राहून क्षेत्रीय अभ्यास केला. आझांदे लोकांतील चेटूक, कौल आणि जादू यांवरील त्यांचा ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. या विषयाच्या अभ्यासात तो आजही पायाभूत मानला जातो.

४.२.३ चेटूक, करणी आणि जादू

आझांदे भाषेत चेटकाला ‘मांगू’ म्हणतात. मांगू हा माणसाच्या पोटात असलेला एक पदार्थ आहे, अशी त्यांची धारणा आहे. तो बापाकडून मुलांकडे आणि आईकडून मुलींकडे येतो. मांगू असलेल्या माणसाने मंत्र म्हणावे लागत नाहीत की काही पुरावे लागत नाही. त्याच्या मनात मत्सर जागा झाला की त्याच्या नकळतही दुसऱ्याचा घात होऊ शकतो.

करणीचे तसे नाही. ती हेतुपुरस्सर केली जाते आणि तिला विधी व वनस्पती लागतात. या विधियुक्त वनस्पतींना आझांदे ‘न्गुआ’ म्हणतात. न्गुआचा चांगला उपयोगही असतो : रोग बरा करणे, पीक राखणे, अज्ञात घातक्याला शासन करणे. म्हणजे न्गुआ ही मुळात वाईट नाही. समाजमान्य कारणासाठी वापरली तर ती जादू, आणि निरपराध्याविरुद्ध वापरली तर ती करणी.

मराठीत आपण ‘जादूटोणा’ या एकाच शब्दात हे सारे गुंडाळतो. या घटकात मात्र चेटूक म्हणजे जन्मजात शक्ती, करणी म्हणजे दुष्ट हेतूने केलेला विधी आणि जादू म्हणजे मान्य असलेला विधी, असे अर्थ आपण काटेकोरपणे पाळू.

४.२.४ ‘कसे’ आणि ‘का’

इव्हान्स-प्रिचर्ड यांनी दिलेले कणगीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. आझांदे लोकांच्या धान्याच्या कणग्या लाकडी खांबांवर उभ्या असतात. दुपारच्या उन्हात लोक त्यांच्या सावलीत बसतात. कधी तरी वाळवीने खांब पोखरले जातात, कणगी कोसळते आणि खाली बसलेले लोक जखमी होतात. खांब वाळवीने खाल्ले, हे आझांदे माणसाला उत्तम ठाऊक असते. लोक उन्हासाठी तेथे बसले होते, हेही त्याला कळते. त्याचा प्रश्न पुढचा आहे : नेमकी हीच माणसे खाली असताना, नेमकी त्याच घटकेला कणगी का कोसळली? आपण त्याला योगायोग म्हणतो. आझांदे म्हणतात, मांगू.

यावरून ध्यानात येईल की चेटकावरील श्रद्धा ही निसर्गनियमांच्या अज्ञानातून आलेली नाही. ती नैसर्गिक कारण नाकारत नाही. त्याच्या जोडीला दुसरे, नैतिक कारण उभे करते. शिवाय तिलाही मर्यादा आहेत. खोटे बोलणारा किंवा व्यभिचार करणारा मनुष्य ‘माझ्याकडून हे चेटकाने करवले’ असे म्हणून सुटू शकत नाही.

४.२.५ कौल आणि समेट

संशय आला म्हणून थेट कोणावर आरोप करता येत नसे. त्याआधी कौल घ्यावा लागे. घासपाटाचा आणि वाळवीच्या वारुळाचा असे साधे कौल होते. सर्वांत प्रमाण मानला जाई तो ‘बेंगे’ नावाचा विषकौल. एका वेलीपासून केलेले विष कोंबडीच्या पिलाला पाजून प्रश्न विचारला जाई आणि पिलू मरते की जगते यावरून उत्तर ठरे. मग दुसऱ्या पिलावर उलट प्रश्नाने पडताळा घेतला जाई. राजाच्या विषकौलाचा निर्णय अंतिम असे.

आजारपणाचा दोष एखाद्याकडे निघाला तर मेलेल्या कोंबडीचा पंख त्याच्या घरी पाठवला जाई. तो मनुष्य सहसा चिडत नसे. तोंडात पाणी घेऊन तो पंखावर फुंकरे आणि म्हणे की माझ्या मनात वैर नाही, असेल तर ते शांत होवो. मांगू नकळतही काम करतो, या धारणेमुळे दोष येऊनही माणसाची इभ्रत राखली जाई. शेजारधर्म टिकवण्याची ही एक रीत होती.

तथापि ही व्यवस्था निर्दोष नव्हती. विषकौल चालवण्याचा अधिकार स्त्रियांना नव्हता. त्यामुळे विवाहापासून आरोपापर्यंतचे महत्त्वाचे निर्णय पुरुषांच्या हाती राहत. राजघराण्यातील लोकांवर चेटकाचा आरोप होत नसे. मत्सर सर्वत्र असला तरी त्याचा दोष कोणाच्या माथी मारायचा, हे सत्ता ठरवत होती.

४.२.६ वसाहतकाळ आणि आजची स्थिती

वसाहतीच्या राजवटींनी चेटूकविरोधी कायदे केले. केनियात असा कायदा १९२५ मध्ये, तर दक्षिण आफ्रिकेत १९५७ मध्ये आला. दुसऱ्यावर चेटकाचा आरोप करणे हाही दक्षिण आफ्रिकेतील या कायद्याने गुन्हा ठरला. मात्र ज्यांची श्रद्धा कायम होती त्यांना असे वाटू लागले की सरकार चेटक्यांनाच पाठीशी घालते. जुन्या समेटाच्या रीती मोडल्या, भय मात्र उरले.

याचे परिणाम आजही दिसतात. उत्तर घानातील गांबागा येथे चेटकाचा आरोप झालेल्या स्त्रियांची वसाहत आहे. त्यांत वृद्ध आणि विधवा स्त्रियांचा भरणा मोठा आहे. गावाने हाकलल्यावर जीव वाचवण्यासाठी त्या तेथे आल्या. जुलै २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने चेटकाच्या आरोपांतून होणाऱ्या छळाविरुद्ध ठराव संमत केला. हा प्रश्न आफ्रिकेपुरता मर्यादित नाही. महाराष्ट्रातही २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, हे आपण जाणताच.

४.२.७ अभ्यासकाची भूमिका

येथे आपल्यापुढे एक पेच उभा राहतो. एखादी श्रद्धा तर्कसुसंगत आहे असे दाखवले, म्हणजे तिच्यापोटी होणारा अन्याय क्षम्य ठरतो काय? तसे नाही. आझांदे माणसाचा ‘का’ हा प्रश्न खरा आहे. दुःखाला अर्थ हवा असणे ही मानवी गरज आहे. परंतु त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जेव्हा एका निराधार स्त्रीकडे बोट दाखवले जाते, तेव्हा तिची साक्ष ऐकणे हेही अभ्यासकाचे कर्तव्य ठरते. श्रद्धेची उपेक्षा करून भय जात नाही, आणि श्रद्धेचे कौतुक करून तिचे बळी झाकता येत नाहीत. समजून घेणे ही मूल्यमापनाची पहिली पायरी आहे.

४.३ सारांश

अनेक आफ्रिकी परंपरांत दुरिताचा उगम मानवी नात्यांत मानला जातो. आझांदे समाज जन्मजात चेटूक, हेतुपुरस्सर करणी आणि मान्य जादू असा भेद करतो. चेटूक हे दुर्दैवाच्या ‘का’चे उत्तर आहे. कौल आणि समेटाच्या विधींमुळे आरोपाला मर्यादा पडत. पण या व्यवस्थेत स्त्री-पुरुष आणि राजा-प्रजा अशी विषमता होती. समेटाच्या रीती मोडल्यावर आरोपांचे भय अधिक दुर्बळ व्यक्तींवर कोसळते.

४.४ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. मांगू आणि न्गुआ यांतील फरक स्पष्ट करा.
२. कणगीच्या उदाहरणातून नैसर्गिक आणि नैतिक कारण यांचा संबंध कसा उलगडतो?
३. ‘एशू’ या शब्दाच्या भाषांतरातून कोणता अर्थबदल घडला?
४. पंखावर पाणी फुंकरण्याच्या विधीचे सामाजिक कार्य विशद करा.

४.५ क्षेत्रीय कार्य

आपल्या परिसरातील बोलीत दृष्ट, करणी, कौल, भानामती यांसारखे कोणते शब्द रूढ आहेत, ते वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवा. प्रत्येक शब्दात दोष कोणावर येतो आणि त्याच्या निवारणाचा कोणता उपाय सांगितला जातो, हे लिहा. नोंद करताना कोणत्याही व्यक्तीचे नाव लिहू नये.