खर्ज आणि लांकडी पेटी

तबल्याची चाट आणि डग्ग्याची घुमारेदार थाप यांतील भेद लहान मूलही ओळखतें. परंतु वरातींतील ध्वनिवर्धकांनीं माळेगांवच्या खिडक्या थरारल्या, कीं 'काय उत्तम खर्ज!' असें पुष्कळ जण म्हणतात. मोठा आवाज आणि खोल आवाज हे एक नव्हेत. घरांत स्वच्छ खर्ज देणारी पेटी, म्हणजे सबवूफर, कशी रचितात हें पाहिलें असतां हा भेद स्पष्ट होईल.

जुन्या रेडिओंतील ध्वनिवर्धक सुटा करून वाजवा. डग्गा जवळजवळ नाहींसा होतो. कारण त्याचा पडदा पुढील हवा दाबतो, त्याच क्षणीं मागील हवा विरळ करितो, आणि दोन्ही लाटा एकमेकींचा नाश करितात. तोच ध्वनिवर्धक मोठ्या फळीच्या भोंकावर घट्ट बसवा; डग्गा परत ऐकूं येईल. मागची लाट आवरणें हें पेटीचें पहिलें काम होय. दुसरी अडचण अशी कीं, स्वर एक सप्तक खालीं नेऊन तितक्याच जोरानें वाजवावयाचा, तर चौपट हवा हलवावी लागते. म्हणून पडदा मोठा व त्याची धांव लांब पाहिजे.

पेटीचे मुख्य प्रकार दोन. बंद पेटी डग्ग्याच्या भांड्यासारखी. तींत कोंडलेली हवा स्प्रिंगप्रमाणें पडद्यास आवरते. दुसरी नळीची. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर घातली असतां ती घुमते, त्याच न्यायानें नळींतील हवा खर्जास साहाय्य करिते. अशा रचनेचें पेटंट थुरास यांस अमेरिकेंत १९३२ सालीं मिळालें.

उदाहरण घ्या. पेटी आंतून ४० × ४० × ३६ सें.मी., म्हणजे ५७.६ लिटर. ध्वनिवर्धक व नळी यांची जागा वजा जातां सुमारें ५० लिटर हवा उरते. तींत १० सें.मी. व्यासाची, ४५ सें.मी. लांबीची नळी कोपर देऊन बसविली, तर ती सेकंदास सुमारें ३० कंपनांवर घुमेल. त्याखालील स्वर मात्र गाळावे लागतात, कारण तेथें पडद्यास आवर राहत नाहीं. कोणत्या ध्वनिवर्धकास केवढी पेटी हवी, याचें गणित थील व स्मॉल यांनीं ऑस्ट्रेलियांत बसविलें. त्यास लागणारीं मापें ध्वनिवर्धकाच्या पत्रकांत पाहावीं.

माझी पहिली पेटी पातळ फळ्यांची होती. प्रत्येक थापेमागें लांकूडच गुणगुणे, आणि आमच्या घरीं तो दोष कित्येक दिवस 'भरदार खर्ज' म्हणून वाखाणला गेला! १८ मि.मी. जाडीचें प्लायवुड, आंत आडवे आधार व हवाबंद सांधे केल्यावर आवाज कमी वाटला, पण थाप थापेपासून वेगळी ऐकूं आली. तीच खरी कसोटी.

पालकांसही एक विनंति. उंच स्वर भिंत अडविते; खर्ज तिच्यापलीकडे शेजाऱ्याच्या उशाशीं जातो. २००० सालच्या नियमांनीं निवासी भागांत रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. पेटी करूं पाहणाऱ्या मुलास उत्तेजन द्यावें. पण पडद्यास जसा आवर हवा, तसा वाजविणाऱ्या हातासही हवा, हें त्यास आधीं शिकवावें.