बोलकी भित्तिपत्रके

पुस्तक मनुष्य निवांत बसून वाचतो. भिंतीवरचे पत्रक मात्र त्याला चालता चालता दिसते. तेवढ्या क्षणात त्याचे पाऊल थांबवायचे आणि सांगायचे ते त्याच्या मनावर ठसवायचे, हे काम वाटते तितके सोपे नाही.

अब्राम गेम्स या चित्रकाराचा जन्म १९१४ साली लंडनमधील व्हाइटचॅपल या वस्तीत झाला. दुसरे महायुद्ध पेटल्यावर, १९४० साली तो साधा शिपाई म्हणून सैन्यात दाखल झाला. पुढच्याच वर्षी युद्धखात्याने त्याला भित्तिपत्रके काढण्याच्या कामावर घेतले. युद्ध संपेपर्यंत त्याने सुमारे शंभर भित्तिपत्रके तयार केली.

आपली पलटण कोठे निघाली, जहाज केव्हा सुटणार, हे शिपाई गप्पांच्या ओघात सहज बोलून जात. ते शत्रूच्या हेराच्या कानी पडले, तर सोबत्यांच्या जिवावर बेतत असे. याबद्दल एखादी लांबलचक सूचना लिहून लावता आली असती. पण ती कोण वाचणार? १९४२ साली गेम्सने काय केले पाहा. एक शिपाई बोलत आहे. त्याच्या तोंडातून एक रेषा निघते, भोवऱ्यासारखी गरगरत मोठी होत जाते आणि शेवटी तिचीच संगीन होऊन ती तीन सैनिकांच्या देहांतून आरपार जाते. ते तिघे त्याचेच सोबती! शब्द अगदी मोजके. बोलणे कोठे संपले आणि शस्त्र कोठे सुरू झाले, हे बोट ठेवून दाखवता येत नाही. सारे मर्म त्या अखंड रेषेत आहे.

कमीत कमी साधनांत अधिकाधिक अर्थ सांगावा, असा गेम्सचा बाणा होता. कल्पनेचे पहिले चित्र तो अगदी लहान काढी. लहान आकारात जे कळत नाही, ते मोठे केल्यानेही कळणार नाही, असे तो मानी. त्याचे वडील छायाचित्रकार होते. रंगाचे सूक्ष्म तुषार उडविणारा एअरब्रश हाताळण्यास तो त्यांच्याकडूनच शिकला.

आपण कशासाठी लढत आहो, हेही सैनिकांना सांगणे आवश्यक होते. त्यासाठी गेम्सने आणखी एक चित्र काढले. पुढे लंडनमधील फिन्सबरी येथील नव्या आरोग्यकेंद्राची लख्ख इमारत; तिच्यामागे पडक्या भिंती आणि अंधारात उभे असलेले एक रोगट मूल. पंतप्रधान चर्चिल यांना ते मुळीच रुचले नाही. आपल्या देशात अशी मुले आहेत, हे भिंतीवर लावून जगाला दाखवावे काय? पत्रक मागे घेण्यात आले. आज ते लंडनच्या इंपीरिअल वॉर म्यूझिअममध्ये जतन केलेले आहे.