फोन स्पीकरवर होता

मेडिकलच्या क्लाससाठी लातूरच का, हे मराठवाड्यातल्या आईबापांना सांगायला नको. दहावीचा निकाल लागला की आमच्या ईट गावातूनही पोरं गादी-पेटी घेऊन निघतात. माझा मुलगा गेला तेव्हा कॉलेज सुरूही झालं नव्हतं. २०२५ मध्ये अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन झाले, याद्या लांबल्या. क्लासवाले मात्र कुणासाठी थांबले नाहीत. ‘जरा सवय होऊ द्या त्याला,’ असं मी म्हणत होते. पण भावकीतल्या एकाचा मेडिकलला नंबर लागलेला, मग माझं कोण ऐकतं!

रविवारी हॉस्टेलवरून फोन यायचा. कसा आहेस? बरंय. जेवलास? हो. घरी ज्याचं तोंड मिटत नाही, ते हे पोरगं! एकदा मागून कुणीतरी ओरडलं, ‘आवर, लाइन लागलीय.’ मी विचारलं, ‘कोण ऐकतंय रे?’ तो गप्प. फोन स्पीकरवर ठेवून, व्यवस्थापकाच्या टेबलासमोर उभं राहूनच बोलायचा नियम होता तिथे. इतके दिवस तो माझ्याशी नाही, त्या टेबलाशी बोलत होता.

मी लातूर गाठलं. व्यवस्थापकांनी ‘बसा’ सुद्धा म्हटलं नाही. रजिस्टर चाळत म्हणाले, ‘ताई, पोरगं कच्चं आहे तुमचं. इथं असली टिकत नाहीत.’ मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला एकदम इंग्रजीतून फिजिक्स, आठवड्याला टेस्ट, भिंतीवर नावासकट मार्कांची यादी, घसरला की खालची बॅच. त्याची झोप उडाली, जेवण सुटलं, तरी आम्हाला कुणी कळवलं नाही. फीचा हप्ता थकला असता तर संध्याकाळीच फोन आला असता.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात क्लासना बजावलंय की मार्कांवरून बॅचा पाडू नका, मुलांचा चारचौघांत पाणउतारा करू नका, आणि शंभर किंवा त्याहून जास्त मुलं असतील तर समुपदेशक ठेवा. प्रवेश घेताना विचाराच, समुपदेशक कोण आणि बसतो कुठे. उत्तर गुळमुळीत आलं तर उठा.

मुलाशी एक खुणेचं वाक्य ठरवून ठेवा. तो फोनवर ‘आजीची तब्येत कशी आहे?’ म्हणाला की समजायचं, भेटायला या. मे महिन्यातच अकरावीचं इंग्रजी पुस्तक आणा. रोज चार शब्द मराठीशी जुळवून वहीत लिहू द्या. पहिल्या टेस्टला मार्क कमी पडतील, हे निघायच्या आधीच सांगा. गावातला पहिला तिथे चाळिसावा येतो, कारण तिथे सगळेच आपापल्या गावातले पहिले असतात. कपडे धुणं, एकट्याने एस.टी.ने जाणं-येणं ही सवयही घरूनच लागू द्या. बाकी वेळेवर झोप, जेवण वगैरे सगळ्यांना माहीत असतंच. फार वाईट वाटलं तर १४४१६ हा टेली-मानसचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या.

माझ्या मुलाला आम्ही परत आणलं. आता तो भूमच्या कॉलेजला जातो, घरी येऊन जेवतो. कच्चा वगैरे काही नाही.

राहिला पैशांचा प्रश्न. केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत मिळायला हवी. आमची अजून आली नाही. पावती मात्र माझ्याकडे आहे. तुम्हीही पावतीशिवाय एक रुपया देऊ नका.