आपोआप तोलणारे यंत्र

सणासुदीच्या दिवसांत वाण्याच्या दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी झाली म्हणजे पूर्वी दुकानदाराची मोठी तारांबळ उडत असे. एका पारड्यात वजन ठेवावयाचे, दुसऱ्यात साखर ओतावयाची. पारडे खाली गेले की चिमूटभर काढावयाची, वर राहिले की चिमूटभर घालावयाची. तराजूची दांडी स्थिर होईपर्यंत गिऱ्हाईक काट्याकडे डोळे लावून उभे राही. माल थोडा जास्त गेला तर दुकानदाराचे नुकसान. थोडा कमी पडला तर गिऱ्हाइकाचे!

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधील एका नियतकालिकाने याच अडचणीवर उपाय शोधण्यासाठी स्पर्धा जाहीर केली. त्या नियतकालिकाचे नाव होते ‘इन्व्हेंटर्स रिव्ह्यू अँड सायंटिफिक रेकॉर्ड’. मोठ्या साठ्यातून साखर, पीठ यांसारखा माल आपोआप तोलून देणारे यंत्र स्पर्धकांनी योजावयाचे होते. ही घोषणा सातासमुद्रांपलीकडे मुंबईत राहणाऱ्या एका मराठी तरुणाच्या वाचनात आली. त्याचे नाव शंकर आबाजी भिसे.

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. यंत्रविद्येच्या महाविद्यालयात शिकण्याचा योग त्यांना आला नाही. परंतु एखादी वस्तू कशी चालते हे समजून घेतल्याखेरीज त्यांना चैन पडत नसे. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी दगडी कोळशापासून जळाऊ वायू तयार करण्याचे लहानसे उपकरण घरीच बनविले. पुढे मुंबईत त्यांनी विज्ञानप्रेमी लोकांचे एक मंडळ स्थापन केले आणि शास्त्रीय माहिती मायबोलीतून लोकांपर्यंत पोहोचावी म्हणून ‘विविध कला प्रकाश’ नावाचे मराठी मासिक चालविले.

स्पर्धेतील प्रश्न वरवर पाहता सोपा वाटे. उंचावर नरसाळ्याच्या आकाराची पेटी बसवावी, तिच्या तोंडाला झडप लावावी आणि पारडे खाली जाताच ती झडप मिटेल अशी जोडणी करावी, म्हणजे झाले! पण खरी मेख पुढेच आहे. झडप मिटली तरी तिच्यातून आधीच सुटलेली साखर अजून हवेतच असते. ती पारड्यात पडली की वजन वाढते. शिवाय वरून पडणाऱ्या मालाच्या माऱ्यानेच पारडे वेळेआधी दबते आणि वजन पुरे झाल्याचा भास होतो. साखर भराभर घसरते; पीठ मात्र पेटीच्या तोंडाशीच अडून बसते. एकाच यंत्राने या दोहोंना न्याय द्यावयाचा, तोही माणसाचा हात न लागता! केवळ कल्पना सुचून हे काम भागण्यासारखे नव्हते. प्रत्येक झडप, प्रत्येक दांडी यांचा बारकाईने विचार करणे अवश्य होते.

भिसे यांनी आपल्या यंत्राची योजना तयार करून लंडनला पाठविली. ज्या देशात कारखाने आणि कुशल कारागीर यांची वाण नव्हती, त्या देशातील संशोधकांशी ही स्पर्धा होती. अखेर निकाल लागला. आलेल्या सर्व योजनांत भिसे यांची योजना सरस ठरली होती!

या यशाने त्यांना इंग्लंडची वाट मोकळी झाली. तेथे दादाभाई नौरोजी यांनी त्यांना पैशाचे पाठबळ दिले. भिसे यांनी तेथे अनेक यंत्रे तयार केली. छपाईचे खिळे ओतणारे त्यांचे ‘भिसोटाइप’ यंत्र विशेष गाजले. मिनिटाला सुमारे १,२०० खिळे ओतण्याची त्याची ताकद होती. पुढे सर रतन टाटा यांनीही या कामी भांडवल पुरविले. तथापि मोठा कारखाना उभारून ते यंत्र सर्वत्र पसरविणे भिसे यांना साधले नाही. भांडवलाच्या अडचणी वारंवार आड आल्या. तरीही त्यांनी हाय खाल्ली नाही. ते अमेरिकेस गेले आणि तेथेही नवनवे शोध लावीत राहिले. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. लोक त्यांना ‘भारताचे एडिसन’ म्हणू लागले होते.

स्पर्धेतील बक्षिसाने भिसे यांचे सारे मार्ग सुकर झाले नाहीत. पण घरी बसून केलेले काम जगाच्या तराजूत घालण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. तराजूला तोलणाऱ्याचे गाव ठाऊक नसते. पारड्यात काय पडले एवढेच तो पाहतो.