गिअरबॉक्सच्या तेलाचे शीतन

मे 2003 मध्ये चेन्नईत पारा 45 अंश सेल्सियसपर्यंत चढला होता. अशा उन्हात, वाहनांच्या गर्दीत रखडणाऱ्या जुन्या अमेरिकन मोटारीच्या स्वयंचलित गिअरबॉक्सची खरी कसोटी लागते. आतील तेल घुसळले जाऊन तापते. अतिशय तापल्यास ते करपते व क्लचच्या चकत्या जळतात. बहुतेक गाड्यांत हे तेल रेडिएटरच्या टाकीतील नळीतून निवविले जाते. परंतु तेथील पाणीच 80-90 अंशांचे, त्याखाली तेल कसे उतरणार? म्हणून रेडिएटरपुढे, वाऱ्याच्या तोंडी, एक जादा शीतक बसवितात. तो गिअरबॉक्सकडे परतणाऱ्या नळीत जोडावा, म्हणजे तेल आधी पाण्याने व मग वाऱ्याने निवेल. जोडनळी तेलासाठीच बनविलेली हवी. पाण्याची रबरी नळी तेलाने फुगते. गाडी उभी असता वारा केवळ पंख्याचा. तेव्हा त्याचा पट्टा सैल नसावा.