अज्ञात वाणाचें बीं आणि भांगेचें पीक

पेरावें तसें उगवतें, ही म्हण आपण सर्वांनीं लहानपणापासून ऐकिली आहे. परंतु काय पेरलें हेंच ज्यास ठाऊक नाहीं, त्यास काय उगवेल हें कोणीं सांगावें ? उत्तराखंडानें २०१८ सालीं धाग्यासाठीं व बियांसाठीं भांगेच्या लागवडीचे परवाने देण्यास आरंभ केल्यापासून आपल्याकडील शेतकरीही या पिकाविषयीं कुतूहलानें विचारूं लागले आहेत. कोणी यात्रेहून परततांना मूठभर बीं घेऊन येतो. कोणी खाण्यासाठीं विकत मिळणारें बीं बांधावर पेरून पाहावें काय, असें विचारतो. असल्या निनांवी बियाण्यापासून उघड्या शेतांत काय निष्पन्न होतें, व त्यांत शेतकऱ्याचें काय पणास लागतें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

नांवांचा घोटाळा

इंग्रजींतील ‘हेंप’ या एका शब्दाखालीं निदान तीन निरनिराळीं पिकें येतात. ‘सन हेंप’ म्हणजे आपला ताग. तो शेंगवर्गांतील असून हिरवळीच्या खतासाठीं आपण जमिनींत गाडतों. ‘डेक्कन हेंप’ म्हणजे आपली अंबाडी. ती भेंडी व कापूस यांच्या कुळांतील. खरें ‘हेंप’ म्हणजे भांग. तिला ‘कॅनाबिस सटायव्हा’ हें शास्त्रीय नांव लिनियसनें १७५३ सालीं दिलें, व १७८५ सालीं लामार्कनें हिंदुस्थानांतून गेलेल्या नमुन्यांवरून ‘कॅनाबिस इंडिका’ अशी निराळी जात वर्णिली.

तागाचा दाणा चपटा व मूत्रपिंडाकृति, अंबाडीचा करडा व कोनाकार, आणि भांगेचा गोलसर, कठीण कवचाचा व बहुधा करड्यावर गडद रेषा असलेला असतो. ताग व अंबाडी पेरण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं, भांगेस लागते. म्हणून पिशवीवर नुसतें ‘हेंप’ एवढेंच लिहिलें असेल, तर दाणा हातावर घेऊन पाहिल्यावांचून पुढें जाऊं नये.

दाण्यावरून काय कळतें

दाण्यावरून त्याचें वय व जोम यांचा अजमास करतां येतो. हिरवट किंवा पांढुरके दाणे बहुधा अपक्व असतात. या बियांत सुमारें एकतृतीयांश तेल असल्यामुळें उष्ण व दमट जागीं तें लवकर खवट होतें आणि उगवणशक्ति झपाट्यानें घटते. याची परीक्षा घरच्या घरीं होते. शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यांत गुंडाळावे, फडकें ओलसर राखावें, व आठवड्यानें मोड आलेले दाणे मोजावे. पंचेचाळीसच उगवले, तर ठरलेलें बीं टाकून पीक विरळच होईल. धाग्यासाठीं हेक्टरीं ४० ते ६० किलो बीं दाट पेरण्याची युरोपांतील रीत आहे. तेव्हां या हिशेबास महत्त्व आहे.

परंतु झाड नर होईल कीं मादी, उंच वाढेल कीं खुजें राहील, फुलोरा केव्हां येईल, आणि त्यांत मादक द्रव्य किती असेल, यांपैकीं एकही गोष्ट दाणा सांगत नाहीं. रानटी झाडाचें बीं बहुधा बारीक असतें, पिकतांच गळून पडतें व मागेंपुढें उगवतें, एवढीच कायती खूण.

नर व मादी

पपई लावणारास हा प्रकार समजावून सांगणें नको. अनोळखी पपईचें बीं लाविलें, तर फूल दिसेपर्यंत नर कोणता व मादी कोणती हें कळत नाहीं. म्हणून एका आळ्यांत तीन-चार रोपें लावून पुढें नको तीं उपटतात. भांगेचेंही तसेंच आहे. साधारणतः निम्मीं झाडें नर व निम्मीं मादी निघतात. नर झाडें पराग सोडून लवकर वाळतात. मादी झाडें बीं पक्व होईपर्यंत उभीं राहतात. सबब एकाच शेतांत एकाच दिवशीं कापणी करूं म्हटल्यास निम्में पीक हुकतें. धागा हवा असेल तर नर फुलांवर असतांना कापणी करावी, बीं हवें असेल तर थांबावें. दोन्ही एकदम उत्तम साधत नाहींत. या अडचणीमुळेंच युरोपांत नर व मादी फुलें एकाच झाडावर येणारे वाण मुद्दाम तयार करण्यांत आले.

नराचा पराग वाऱ्यावर जातो, व एक नर चुकून राहिला तरी सारें शेत बिजतें. गांजाची लागवड सरकारी देखरेखीखालीं होत असे त्या काळीं राजशाही जिल्ह्यांतील नौगांव भागांत (हा प्रदेश आतां बांगलादेशांत आहे) नर ओळखून उपटण्यासाठीं मोल देऊन खास जाणते आणीत. त्यांस पोद्दार किंवा परखदार म्हणत. १८९३-९४ च्या सरकारी आयोगानें या सर्व पद्धतीची चौकशी केली, व तींत आपल्या अहिल्यानगर (तेव्हांचा अहमदनगर) जिल्ह्यांतील लागवडीचीही नोंद आहे. पिढ्यान्‌पिढ्या हेंच पीक करणारांसही ज्या कामीं जाणत्याची गरज पडे, तें काम नवख्यास मूठभर निनांवी बियांवर साधेल, असें समजणें व्यर्थ होय.

दिनमानाचा परिणाम

भांग ही लहान दिवसाची वनस्पति आहे. दिवस आंखूड व रात्र मोठी होऊं लागली म्हणजे तिला फुलोरा येतो. नाशिकच्या अक्षांशावर वर्षांतील सर्वांत मोठा दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा असतो, अल्मोड्यास सुमारें चौदा तासांचा, आणि उत्तर फ्रान्सांत सोळा तासांहून अधिक. त्यामुळें फ्रान्सांतील वाण आपल्याकडे पेरल्यास त्यास आपला मोठ्यांत मोठा दिवसही लहानच वाटतो, व हातभर वाढ होण्यापूर्वींच तें फुलांवर येतें. उलट दक्षिणेकडील बीं उत्तरेस नेल्यास झाड उंच वाढत राहतें आणि बीं भरण्यापूर्वींच थंडी गांठते. बियाण्याचा मूळ देश ठाऊक नसेल, तर पेरणीची तारीख कोणत्या आधारें ठरवावी ?

कुळाची मिसळ

आतां सर्वांत महत्त्वाची बाब. भांगेंत टी. एच. सी. हें नशा आणणारें द्रव्य व कॅनाबिडिऑल हें नशा न आणणारें द्रव्य एकाच पूर्वद्रव्यापासून तयार होतात. कोणत्याचें प्रमाण अधिक राहावयाचें हें मुख्यतः एका आनुवंशिक स्थानावर अवलंबून असतें, असें डी मेयर प्रभृति संशोधकांनीं २००३ सालीं दाखविलें. शुद्ध गांजाच्या व शुद्ध धाग्याच्या झाडांचा संकर केल्यास पहिल्या पिढींत दोन्ही द्रव्यें आढळतात. त्या पिढीचें बीं पुन्हां पेरल्यास मेंडेलच्या नियमाप्रमाणें शंभर झाडांत सुमारें पंचवीस गांजाच्या प्रकारचीं, पन्नास मिश्र व पंचवीस धाग्याच्या प्रकारचीं निघतात. एकाच आईच्या पोटचे हे शंभर दाणे दिसण्यांत मात्र अगदीं सारखे.

ही मिसळ होण्यास शेजारचें शेतही लागत नाहीं. मोरोक्कोंतील भांगेचा पराग समुद्र ओलांडून स्पेनमधील मालागा शहरापर्यंत पोंचतो, असें आढळून आलें आहे. मग डोंगरांत, जेथें रानोमाळ भांग आपोआप उगवते, तेथील एखाद्या झाडाचा बाप कोण हें कोण सांगणार ? बाजरी करणारास हें चांगलें समजेल. परपरागित पिकाचें घरचें बीं अलग राखलें नाहीं, तर वाण टिकत नाहीं.

कायदा व तोटा

हें केवळ शास्त्राचें कुतूहल नव्हे. धाग्याच्या भांगेंत टी. एच. सी. ०.३ टक्क्यांहून अधिक नसावें, अशी मर्यादा उत्तराखंडांत आहे. अमेरिकेंत २०१८ च्या कायद्यानें व युरोपीय संघांत २०२३ पासून हीच मर्यादा आहे. हा आंकडा कॅनडांतील अर्नेस्ट स्मॉल यांनीं व क्रॉन्किस्ट यांनीं १९७६ सालीं वर्गीकरणाच्या सोयीसाठीं सुचविला होता. आज शेतकऱ्याचें वर्षाचें उत्पन्न त्यावर ठरतें. अमेरिकेंत कापणीपूर्वीं ३० दिवसांच्या आंत नमुना तपासतात. मर्यादेबाहेर गेलेलें पीक तसेंच विकतां येत नाहीं; तें नष्ट करावें लागतें किंवा फुलोरा काढून टाकावा लागतो. नांगरणी, खत, मजुरी सर्व होऊन गेल्यावर हा निकाल कळतो, हें लक्षांत घ्यावें.

आपल्या देशांत १९८५ च्या गुंगीकारक औषधी द्रव्यें व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमान्वयें परवानगीवांचून भांगेचें झाड लावणें हा गुन्हा असून त्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. भांगेचें बीं व त्याचें तेल अन्न म्हणून विकण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणानें २०२१ सालीं कांहीं अटींवर मान्यता दिली. परंतु खाण्याची मान्यता म्हणजे पेरण्याची मान्यता नव्हे. ‘बीं कसलें होतें तें मला ठाऊक नव्हतें’ ही सबब शेतांत उभ्या असलेल्या झाडापुढें टिकत नाहीं.

डोंगरी शेतकऱ्यापासून घ्यावयाचा धडा

कुमाऊं व गढवाल येथें घराजवळच्या खताळ जमिनींत भांग करण्याची चाल जुनी आहे. खोडाच्या वाखाचे दोर वळीत व ‘भंगेला’ नांवाचें जाडेंभरडें कापड विणीत. बियांची चटणी आजही करितात. भरल्या कणसाचें बीं राखून तेंच पुढील वर्षीं पेरावयाचें, ही तेथील रीत. बियाण्याची ओळख अशी अनेक वर्षांच्या निवडीनें होते. पुडी उघडल्यानें होत नाहीं.

ज्यांस कायदेशीर परवाना मिळतो त्यांनींही प्रमाणित बियाणेंच घ्यावें, पेरणीपूर्वीं उगवण मोजावी, आणि फुलोऱ्याचा नमुना प्रयोगशाळेंतून वेळेवर तपासून घ्यावा. रोपाच्या पानावरून त्याचा प्रकार सांगणारी आनुवंशिक परीक्षाही आतां उपलब्ध आहे. बियाणें वाढविणारानें तिचा लाभ घ्यावा. ज्यांस परवाना नाहीं, त्यांनीं कुतूहलासाठीं एक दाणाही जमिनींत टाकूं नये. वाखच हवा असेल, तर ताग व अंबाडी हीं आपल्या मातीचीं, ओळखीचीं व निर्वेध पिकें आहेत.

सारांश, कोणतेंही बीं हातीं आलें कीं तीन प्रश्न विचारावे : हें कोठून आलें, याचे आईबाप कोण, आणि हें पेरण्याचा मला अधिकार आहे काय ? तिहींपैकीं एकाचेंही उत्तर मिळत नसेल, तर तें बीं कितीही टपोरें दिसो, आपल्या शेतांत त्यास जागा नाहीं.