सुरत-बऱ्हाणपूरहून बुलढाण्यात: मुलांच्या शाळेला कागद किती, पैसे किती

राज्य बदलताना सर्वात महाग पडतो तो परतीचा प्रवास. सामान मलकापूरला उतरलेलं, मुलं नव्या वर्गात बसलेली, आणि एका सहीसाठी तुम्ही पुन्हा सुरतेच्या गाडीत. तिकीट, बुडालेला रोज, एक मुक्काम. हा खर्च कुठल्याच दरफलकावर नसतो. म्हणून या लेखातली निम्मी कामं बुलढाणा जिल्ह्यात पाय ठेवण्याआधीची आहेत.

निघण्यापूर्वी, जुन्या गावात

शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे टीसी, हातात घ्या आणि शाळेच्या ओसरीवरच वाचा. मुलाचं नाव आधारवर आहे तसंच आहे का? जन्मतारीख अंकात आणि अक्षरात जुळते का? आईचं नाव, जन्मठिकाण, शेवटची इयत्ता, 'उत्तीर्ण' हा शेरा? चूक दिसली तर तिथेच दुरुस्त करून घ्या. मूल शाळेत शिकत असेपर्यंत जनरल रजिस्टरमधली नोंद बदलता येते. शाळा सुटल्यावर तीच दुरुस्ती वर्षानुवर्षं रखडते, आणि पुढे पासपोर्टपासून नोकरीपर्यंत त्रास देते.

गुजरातचा दाखला गुजरातीत असतो. शाळा इंग्रजीत किंवा दोन भाषांत देत असेल तर तसा मागा, नाहीतर इथे आल्यावर भाषांतर करून घेण्याची वेळ येईल. मध्य प्रदेशचा हिंदीतला दाखला इथे सहज वाचला जातो.

मूल नववीत किंवा त्यापुढे असेल तर दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊनच निघा. परराज्यातल्या दाखल्यावर ती मागितली जाते, आणि परतीचा प्रवास नेमका याच सहीपायी घडतो.

मग पोर्टल. प्रत्येक विद्यार्थ्याला यूडायस प्लस या पोर्टलवर कायम शिक्षण क्रमांक असतो. त्याला 'पेन' म्हणतात. तो प्रगतिपुस्तकावर किंवा दाखल्यावर लिहून घ्या. जुन्या शाळेने मुलाला पोर्टलवर 'ड्रॉपबॉक्स'मध्ये टाकलं की इथली शाळा त्याला आपल्याकडे ओढून घेते. टाकलं नाही, तर मूल कागदोपत्री दोन राज्यांच्या मध्ये लटकतं. वर्गशिक्षकांचा मोबाइल नंबर घेऊन ठेवा. हे काम फोनवर होतं.

सोबत काय ठेवाल: जन्म प्रमाणपत्र, मुलाचं आणि आईवडिलांचं आधार, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, वडिलांकडचा जातीचा दाखला असेल तर तो, बँक पासबुक, फोटो. झेरॉक्सवर स्वतःची सही पुरते. महाराष्ट्रात २०१५ पासून स्वसाक्षांकित प्रती आणि साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालतं. 'नोटरी करून आणा' असं कुणी म्हटलं, तर कोणत्या नियमाने ते विचारा.

केव्हा यायचं

बुलढाणा विदर्भात मोडतो, आणि विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. गुजरातमध्ये नवं सत्र जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू होतं, मध्य प्रदेशात १ एप्रिलला. त्यामुळे बऱ्हाणपूरहून जूनमध्ये आलात तर मुलाने नव्या वर्गाचे काही आठवडे तिकडे काढलेले असतील. त्याचं नुकसान नाही. मात्र तिकडे एप्रिलमध्ये खासगी शाळेची वर्षाची फी भरून टाकली असेल तर ती परत मिळवणं कठीण, म्हणून बदली ठरल्याची कुणकुण लागताच हप्त्याने भरा. इथल्या सीबीएसई शाळा एप्रिलमध्येच सुरू होतात. त्यांच्यासाठी जून म्हणजे उशीर.

अधल्यामधल्या महिन्यात आलात तरी घाबरू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १५ प्रमाणे सत्र सुरू झाल्यानंतर आलेल्या मुलालाही पहिली ते आठवीत प्रवेश द्यावा लागतो. व्यवहारातली गोष्ट अशी की शिक्षकांची मंजूर पदं ३० सप्टेंबरच्या पटावरून ठरतात, त्यामुळे त्याआधी आलेलं मूल जिल्हा परिषद शाळेत आनंदाने घेतलं जातं. फक्त आधार जुळायला हवं, कारण पट आधारवरून मोजला जातो.

पहिलीच्या वयात दोन राज्यांत फरक आहे. गुजरातमध्ये १ जूनला सहा वर्षं पूर्ण लागतात. महाराष्ट्र ३१ डिसेंबरचं वय धरतो. ऑगस्टमध्ये सहावं पूर्ण होणारं मूल सुरतेत बालवाटिकेत बसतं, बुलढाण्यात पहिलीला बसू शकतं. घाई करावी असं नाही, पण हक्क माहीत असावा. केंद्रीय विद्यालयाचा हिशोब वेगळा आहे. तिथे मार्चअखेरचं वय लागतं.

टीसी नाही म्हणून प्रवेश नाही?

हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागेल. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ सांगतं की सरकारी किंवा अनुदानित शाळेत येणाऱ्या मुलाचा प्रवेश टीसीला उशीर झाला म्हणून रोखता किंवा लांबवता येत नाही. टीसी ताबडतोब न देणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. जन्माचा पुरावा नसल्यास कलम १४ आहे, त्यासाठीही प्रवेश नाकारता येत नाही. लक्षात ठेवा, हे सगळं पहिली ते आठवीपुरतं. टीसीची सवलत खासगी विनाअनुदानित शाळेला लागू नाही.

अडवलंच तर भांडू नका. प्रवेशाचा अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच मागितली की निम्मे अडथळे आपोआप विरघळतात. पुढची पायरी केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी. तिथेही काम झालं नाही तर बुलढाण्याला जिल्हा परिषदेत आठवीपर्यंतसाठी शिक्षणाधिकारी (प्राथमिक), नववीपासून शिक्षणाधिकारी (माध्यमिक). संग्रामपूर किंवा सिंदखेडराजाहून बुलढाणा जवळ नाही, तेव्हा तालुक्यावरच तड लावा.

शाळा कोणती, पैसे किती

जिल्हा परिषद, नगर परिषद शाळा: पहिली ते आठवी प्रवेश शून्य, फी शून्य, पाठ्यपुस्तकं मोफत, दुपारचं जेवण मोफत. इथे 'फॉर्मचे पन्नास' किंवा 'पोर्टलचे शंभर' मागितले तर पावती मागा. पावती नसेल तर पैसे नाहीत. अनेक शाळांत सेमी इंग्रजीचे वर्ग आहेत, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत. सुरत महापालिकेच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलाला हे जमतं. उर्दू माध्यमाचं मूल असेल तर खामगाव, मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद, बुलढाणा इथे उर्दू शाळा आहेत. हिंदी माध्यमाच्या मुलाचं अवघड, कारण जिल्ह्यात पर्याय मोजके. लहान असेल तर मराठीत टाका, वर्षभरात बोलायला लागतं. सहावी-सातवीत असेल तर सेमी इंग्रजी किंवा इंग्रजी माध्यमाचा विचार करा.

मराठी मात्र चुकवता येत नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत, सीबीएसईतही, मराठी शिकवणं सक्तीचं आहे. न शिकवणाऱ्याला १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. त्यामुळे 'आमच्याकडे मराठी नाही' अशी जाहिरात करणाऱ्या शाळेवर भिस्त ठेवू नका. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. पहिली-दुसरीची मराठीची उतरवून घ्या आणि उन्हाळ्यातच सुरुवात करा. शिकवणीचे पैसे वाचतील.

केंद्रीय विद्यालय बुलढाणा शहरात आहे. प्रवेश शुल्क २५ रुपये, विद्यालय विकास निधी महिना ५००, तिसरीपासून संगणकासाठी महिना १००, नववी-दहावीच्या मुलग्यांना शिकवणी शुल्क २००. पहिला हक्क बदली होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांचा. तुमची बदली झाली असेल आणि मूल आधीच केंद्रीय विद्यालयात असेल तर बदलीचा आदेश जपून ठेवा. सगळं त्यावर ठरतं.

खासगी इंग्रजी शाळेत आकडा विचारू नका, आकड्यांचा कागद विचारा. प्रवेश शुल्क, सत्र शुल्क, शिकवणी, परीक्षा, संगणक, स्नेहसंमेलन, गणवेशाचे दोन जोड, बूट, वह्यांचा संच, बस. बस बारा महिन्यांची की दहा? अनामत परत मिळते का, केव्हा? 'महिना अमुक' हा तोंडी आकडा आणि वर्षअखेरचा खरा खर्च यात बरंच अंतर पडतं. राज्याच्या २०११ च्या शुल्क कायद्यानुसार फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मंजूर व्हावी लागते. मंजूर तक्ता दाखवा म्हणा. देणगी घेणं बेकायदा आहे. शिक्षण हक्क कायद्यात त्यासाठी घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड आहे. मुलाची किंवा तुमची 'मुलाखत' घेऊन निवड केली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत, पुढे दर वेळी ५० हजारांपर्यंत. अमुकच दुकानातून गणवेश घ्या, असा आग्रह असेल तर तो लेखी मागा. लेखी कुणी देत नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) पंचवीस टक्के आरक्षणाच्या मोफत जागा हव्यात? त्या फक्त प्रवेशाच्या पहिल्या वर्गात असतात आणि ऑनलाइन सोडतीने भरतात. चौथीतल्या मुलाला 'आरटीईत बसवून देतो' म्हणणारा एजंट खोटं बोलतोय.

नवोदयबद्दल एक वेगळी सूचना. जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय शेगावला आहे. सहावीच्या निवड परीक्षेसाठी मूल त्याच जिल्ह्यात पाचवी शिकत असावं लागतं, आणि ग्रामीण कोट्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण शाळेतच झालेली हवी. म्हणजे मूल चौथी संपवून आलं तर दार उघडं. पाचवी संपवून आलं तर बंद. परीक्षेला अर्ज फुकट असतो.

दहावीच्या आसपास

शक्य असेल तर नववी-दहावीच्या मध्ये राज्य बदलू नका. बाप आधी जाईल, बाकीचे वर्षभराने जातील, हा मार्ग दोन घरांचं भाडं धरूनही बरा. नववी एका मंडळाची, दहावी दुसऱ्याची असं झालं की मंडळाची पात्रता, विषयांचा मेळ, मराठी, सगळं एकदम अंगावर येतं. बुलढाण्याचं विभागीय मंडळ अमरावतीला आहे. टाळता येत नसेल तर नव्या शाळेकडून 'बसवून घेऊ' हे लेखी घ्या आणि मगच जुनी टीसी काढा. एकदा काढली की तिथली जागा गेली.

दहावी होऊन येत असाल तर सोपं. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन केंद्रीय पद्धतीने होतात, नोंदणी शुल्क १०० रुपये. जुन्या मंडळाचं स्थलांतर प्रमाणपत्र म्हणजे मायग्रेशन सर्टिफिकेट मूळ प्रतीत लागेल. निकाल लागताच त्यासाठी तिकडेच अर्ज टाका.

दाखल्यांच्या नावाखाली

पहिली ते आठवीच्या प्रवेशाला अधिवास दाखला लागत नाही, उत्पन्नाचा लागत नाही. 'सगळे दाखले एकत्र काढून देतो' हे पॅकेज घेऊ नका. अधिवासासाठी राज्यात १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं, ते तुमच्याकडे आत्ता नसेलच. उत्पन्नाचा दाखला शिष्यवृत्तीला लागेल तेव्हा आपले सरकार केंद्रावर काढा. मुदत १५ दिवस, दर भिंतीवरच्या फलकावर. ऑक्टोबर २०२४ मध्ये किमान मुद्रांक ५०० रुपये झाला, त्याचं निमित्त करून विद्यार्थ्यांकडून पाचशेचे बाँड घ्यायला लावतात. जात, उत्पन्न, रहिवास यांच्या सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना ते मुद्रांक शुल्क माफ आहे.

जातीचा दाखला मात्र गांभीर्याने घ्या. परराज्यातून आलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला महाराष्ट्राच्या राखीव जागांचा लाभ आपोआप मिळत नाही, जातीचं नाव दोन्ही यादीत असलं तरी. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये हे स्पष्ट केलं आहे. कोरकू मध्य प्रदेशातही अनुसूचित जमात, इथेही. तरी बऱ्हाणपूरकडून जळगाव जामोदला आलेल्या कुटुंबाची गणना मूळ राज्यातच होते. उलट तुमचे आजोबा मूळचे बुलढाण्याचे आणि तुम्ही सुरतेहून परत येत असाल, तर १९५० पूर्वीचा (इतर मागासवर्गासाठी १९६७ पूर्वीचा) इथला पुरावा शोधा. आजोबांच्या शाळेचा जुना निर्गम उतारा त्यात सर्वात भक्कम.

घर, आधार, रेशन, गाडी

भाडेकरार नोंदणीकृतच करा. नोंदणी शुल्क शहरी भागात १,०००, ग्रामीण भागात ५०० रुपये. मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का, म्हणजे महिना पाच हजारांच्या घराला अकरा महिन्यांसाठी दीड-दोनशेचा मामला. वर जे सांगतील ती एजंटची मजुरी, घासाघीस करा. आधारवरचा पत्ता बदलायला १ ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये. मुलांचे पाच आणि पंधरा वर्षांनंतरचे बायोमेट्रिक वेळेत केले तर मोफत. रेशन कार्ड लगेच बदलायची गरज नाही. 'एक देश एक रेशन'खाली जुन्या कार्डावर इथल्या दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं. गॅसचं कनेक्शन जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्या. इथे नव्याने घेताना शेगडी घेण्याची सक्ती नसते.

ट्रकवाल्याकडून हमाली, टोल, माल उतरवण्याचे पैसे धरून एकच आकडा लिहून घ्या. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही, त्याच्या नावाने पैसे देऊ नका. फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

मुलीला गावाहून तालुक्याला शाळेत जावं लागणार असेल तर बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. मुलांना ६६.६७ टक्के सवलत. पास शाळेमार्फतच मागा.

गुजरात किंवा मध्य प्रदेश पासिंगची मोटारसायकल बारा महिन्यांपर्यंत चालते. त्यानंतर एमएच-२८ करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी लागणारी एनओसी जुन्या आरटीओतूनच मिळते. टीसी काढाल त्याच आठवड्यात तीही मागून घ्या.